बिनपरवाना ससा

सशांविरुद्ध माझी कसलीही वैयक्तिक तक्रार नव्हती; जी होती ती लेखी होती.

हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. गेल्या हिवाळ्यातील प्रकाराविषयी सौदी अरेबियातील अल खर्जच्या मराठी मंडळींत जी हकीकत सांगितली जाते, तीत मला कुत्र्यांचा शौकीन, शिकारीचा हौशी आणि (हे सर्वांत संतापजनक आहे) चपळ धावपटू म्हणून रंगवण्यात आले आहे. यांपैकी एकही विधान पुराव्याच्या कसोटीला उतरणारे नाही. मी एका दुग्धव्यवसाय कंपनीच्या करार विभागात नोकरी करतो आणि निवृत्तीला आलो आहे. याआधी शेवटचा धावलो तो विमानतळावर, आणि तेव्हाही विमान चुकलेच होते.

आम्ही, म्हणजे मी आणि माझी पत्नी मालती, शहराबाहेर लसूणघासाच्या एका मोठ्या शेताच्या कडेला लहानशा घरात भाड्याने राहतो. शेत आणि घर दोन्ही अबू नासिर नावाच्या वयस्क सौदी गृहस्थांचे. घरामागून पाण्याचा पाट जातो आणि पाटाच्या काठी मालतीने लाल माठाचा वाफा केला आहे. त्याचे बी तिने चिपळूणहून परतताना माझ्या पायमोज्यांच्या गुंडाळीत दडवून आणले होते, माझ्या नकळत. त्यासंबंधीचा कस्टमचा नियम मी तिला घरी आल्यावर मोठ्याने वाचून दाखवला. तिने तो लसणीची फोडणी करता करता ऐकला आणि विचारले, "झालं वाचून? मग पानं घ्या."

या माठाला रानससे लागले. समोर कित्येक एकर हिरवागार लसूणघास उभा असताना हे प्राणी तो ओलांडून, पाट ओलांडून आमच्या हातभर वाफ्यात येत आणि कोवळे शेंडे तेवढे खुडून परत जात. एखाद्याने मेजवानीचे ताट सोडून शेजारच्याच्या डब्यात हात घालावा, तसा हा प्रकार होता.

मी अबू नासिर यांना पत्र लिहिले. भाडेकरूस जागेचा निर्वेध उपभोग घेऊ देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. रानसशांचा वारंवार होणारा प्रवेश हा त्या उपभोगातील अडथळा आहे. सबब मालकाने योग्य ती उपाययोजना करावी, असा त्याचा आशय होता. पत्र इंग्रजीत होते, सोबत अरबी भाषांतर जोडले होते आणि ते मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. उत्तरादाखल एक अंगठा आला. मी दुसरे, अधिक सविस्तर पत्र पाठवले. पुन्हा अंगठा. सहा कलमी पत्राला अंगठा हे उत्तर असू शकत नाही, अशा आशयाचे तिसरे पत्र मी पाठवले. त्यावर अबू नासिर स्वतःच गाडी घेऊन दारात उभे राहिले.

"या मुहामी," ते म्हणाले. ('या' म्हणजे अहो, मुहामी म्हणजे वकील. मी वकील नसल्याचे मी त्यांना पूर्वीच लेखी कळवले आहे.) शेतावरच्या कामगारांशी बोलून बोलून ते हिंदी शिकले आहेत आणि कामगारांशी बोलतात तसेच ते सर्वांशी बोलतात. "ले. तेरा जवाब."

त्यांनी गाडीचे मागचे दार उघडले. आतून प्रथम चार पाय बाहेर आले, मग बऱ्याच वेळाने त्यांच्यावरचा कुत्रा आला.

"हे काय आहे?"

"सलूकी. मेरा बाप का बाप भी सलूकी रखता था. नाम बर्क. बर्क मतलब बिजली."

ती वीज आमच्या पायपुसण्यावर बसली आणि लगेच झोपी गेली.

पत्राचे उत्तर पत्राने द्यावे, अशी जगभर पद्धत आहे. कुत्र्याने उत्तर देण्याची पद्धत मी कोठेही पाहिलेली नाही. परंतु या देशात वडीलधाऱ्या माणसाने दिलेली भेट परत करणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणे, हे इतकी वर्षे राहून मलाही कळते. मी आक्षेप नोंदवण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात मालती बाहेर आली.

"अगं बाई," ती म्हणाली. "किती हडकुळा आहे हा. ह्याला कुणी जेवायला घालतं की नाही?"

खटला तेथेच निकालात निघाला.

अबू नासिर यांनी जाताना मात्र एक अट घातली. "सलूकी काम का कुत्ता है, सोफे का नहीं. सर्दी में मैं आएगा, रात को लाइट मारेगा, देखेगा. खरगोश के पीछे भागा तो तेरा. नहीं भागा तो खलास, बुरैदा भेजेगा, मेरे भाई के पास. उधर ऊंट के साथ भागेगा, तब सीखेगा."

त्या दिवशी ही अट मला अत्यंत वाजवी वाटली. हिवाळ्यापर्यंत मुदत होती, कुत्रा आपोआप बुरैद्याला जाणार होता आणि माझ्यावर भेट नाकारल्याचा ठपकाही येणार नव्हता. मी ती लेखी मागितली. अंगठा आला.

पुढे काय घडणार हे मी जाणायला हवे होते. आमची मुलगी रियाधला बँकेत लागल्यापासून मालती दिवसभर घरात एकटी असते. भांड्यांशी बोलते, टीव्हीशी बोलते, माझ्याशी बोलून पाहते. आता ती बर्कशी बोलू लागली. मी कचेरीतून परतलो की आतून आवाज येत असे, "नाही रे बर्क्या, ह्यांना भात आवडत नाही, तुला आवडतो ना, मग झालं." विजेचा बर्क्या झाला होता आणि तो दहीभात खात होता. अबू नासिर यांनी ज्या सोफ्याचा उल्लेख केला होता, त्या सोफ्यावर माझ्या ठरलेल्या जागी तो चारही पाय आकाशाकडे करून झोपत असे. मी त्या जागेवरील माझा हक्क त्याला समजावून सांगितला. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

थंडीची पहिली चाहूल लागली तशी मालती एका संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली.

"अहो, तो गेला तर मला करमायचं नाही."

"बुरैद्याला उत्तम खजूर मिळतात. आपण त्याला भेटायला जाऊ."

"मी थट्टा करत नाहीये." आणि खरोखरच तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "तुम्ही आयुष्यभर जगाला नियम शिकवलेत. एवढ्याशा कुत्र्याला एक ससा शिकवा."

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहिला. या देशात रानटी जनावर मारायचे तर परवाना लागतो, हंगाम लागतो, आणि रात्री दिवा रोखून, डोळे दिपवून प्राणी धरणे तर कोणत्याही सभ्य समाजात खपत नाही. मी इकाम्यावर, म्हणजे परदेशी माणसाच्या निवासपरवान्यावर, राहणारा माणूस. उद्या कोणी विचारले की वयाच्या या टप्प्यावर रात्री शेतात बॅटरी घेऊन काय करत होता, तर माझ्याकडे काय उत्तर होते? मालतीला दहीभात खाणारा कुत्रा हवा होता, हे बचावाचे कारण होऊ शकत नाही. म्हणून मी तोडगा काढला. कुत्र्याने सशाला मारायचे नाही, इजा करायची नाही. केवळ वाफ्यापासून हुसकावून लावायचे आणि हाक मारताच परत यायचे. शिवाय सराव जिवंत सशावर करायचाच नाही, नकली सशावर करायचा. या योजनेचा मसुदा मी आमचे मित्र इब्राहिमभाई परकार यांना वाचून दाखवला.

इब्राहिमभाई रत्नागिरीकडचे. बाजारात त्यांचे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे. जगातील प्रत्येक गोष्ट त्यांच्या गावाला आधी झालेली असते.

"ओ दळवी, कायदा जरा बाजूला ठेवा," ते म्हणाले. "आमच्या गावाला बॅटरी मारली ना, की ससा जागच्या जागी बसतो. फोटो काढायला बसल्यासारखा."

"आपण ससा धरणार नाही आहोत. हे तिसऱ्या कलमात आहे."

"मग कुत्र्याला शिकवायचं काय? सशाला सलाम करायला?"

"हुसकावणे."

"आणि ससा हुसकला नाही तर?"

या शक्यतेची तरतूद मसुद्यात नव्हती, हे मी मान्य केले.

इब्राहिमभाईंनी बॅटरी धरण्याचे काम स्वतःकडे घेतले. कारण त्यांनी सरळ सांगितले: कुत्र्याचे ओले तोंड कपड्यांना लागले तर कपडे धुतल्याशिवाय नमाज पढता येत नाही, आणि आमच्याकडून ते थेट इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज पढायला जाणार होते. "बॅटरी मी धरतो, लांबून. बाकीचं तुमी." त्यांची अडचण खरी होती, त्यामुळे मी हरकत घेतली नाही. 'बाकीचे' या शब्दाची व्याप्ती मात्र मी आधी ठरवून घ्यायला हवी होती.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघे शेताच्या बांधावर उभे राहिलो: मी, इब्राहिमभाई आणि अंगावर मालतीची जुनी शाल घेतलेला बर्क. इब्राहिमभाईंनी बॅटरी पेटवली. प्रखर झोत लसूणघासावरून पार टोकापर्यंत गेला. बर्कने शेताकडे पाठ फिरवली आणि तो बॅटरीकडे पाहत बसला.

"ओ, हा माझ्याकडंच बघतोय."

"त्याला तिकडे बघायला सांगा."

"कुठल्या भाषेत?"

हा प्रश्न गैरलागू नव्हता. अबू नासिर त्याला अरबीत हाका मारीत, इब्राहिमभाई हिंदीत 'छू' म्हणत, मालती त्याला लाडाने बर्क्या, सोन्या आणि कधी कधी चुकून मुलीच्या नावाने बोलवी, आणि मी शुद्ध मराठीत पूर्ण वाक्ये वापरत असे. तो यांपैकी कशालाही दाद देत नव्हता. दाद देई ती फक्त बिस्किटांच्या डब्याच्या खडखडाटाला. सबब मालतीला डबा घेऊन पायरीवर बसवण्यात आले.

पुढच्या खेपेला तो झोताकडे पाहू लागला, इतकेच नव्हे तर झोताच्या मागे धावू लागला. सशाविना, कारणाविना, नुसत्या उजेडाच्या गोळ्यामागे. त्याचे धावणे पाहून मी क्षणभर रागवायचे विसरलो. सोफ्यावरचा तो लोंबता देह हवेत ताणला गेला आणि वीज हे नाव अबू नासिर यांनी उगीच दिलेले नव्हते, हे मला पटले. इतक्यात इब्राहिमभाईंचा मोबाईल वाजला. त्यांनी बॅटरीच्याच हाताने खिसा चाचपला, झोत वर गेला, आणि आमची वीज खजुराच्या झाडावर चढू लागली.

"खाली घ्या! बॅटरी खाली घ्या!"

"हॅलो? हां, बोल. नाय, दळवींकडं आहे. कुत्रा झाडावर चढवतोय."

नकली ससा हवा, हे यावरून सिद्ध झाले. नेमका तो कशाचा करायचा, यावर घरात चर्चा सुरू होती, तेवढ्यात मालतीने कपाट उघडले आणि माझी कानटोपी बाहेर काढली.

या टोपीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. ती मालतीनेच विणलेली, सशाच्या पाठीसारख्या भुरकट तपकिरी लोकरीची. वाळवंटातील थंडी काय असते हे भारतातील लोकांना समजावून सांगता येत नाही. ती कानातून आत शिरते आणि गुडघ्यातून बाहेर पडते. त्या थंडीत ही टोपी वर्षानुवर्षे माझ्या डोक्यावर राहिली आणि मी नित्यनेमाने लावत असलेले माक्याचे तेल तिच्या धाग्याधाग्यात उतरले. मालतीला तिचा तिरस्कार होता.

"ही घ्या."

"ती माझी टोपी आहे."

"म्हणूनच घ्या. मी तुम्हाला नवी विणून देते."

टोपीत जुने पायमोजे कोंबण्यात आले. कानांवर येणारे दोन पट्टे वर करून दोऱ्याने बांधले. समोरून पाहिले तर ससा, बाजूने पाहिले तर माझे डोके, असा काहीसा आकार झाला. त्याला लांब दोरी बांधली आणि दोरीचे दुसरे टोक इब्राहिमभाईंनी माझ्या हातात दिले.

"मी धावायचे? आणि तुम्ही उभे राहणार?"

"बॅटरीवाला हालला की जनावर बुजतं. आमच्या गावाला..."

"तुमच्या गावाला दोरी कोण ओढायचं?"

"आमच्या गावाला खरा ससा होता."

अशा रीतीने, करार विभागात सर्वांनी ज्याच्या सहीची वाट पाहावी असा मी, रोज संध्याकाळी लसूणघासाच्या बांधावरून माझीच टोपी ओढत धावू लागलो. मागे उजेड, उजेडात टोपी, टोपीमागे सलूकी. मी एक दंडक मात्र कसोशीने पाळला. बर्कने टोपी चावली, झटकली किंवा फाडली, तर त्याला बिस्कीट नाही. अलगद तोंडात धरून, ओरखडाही न उठवता त्याने ती मालतीच्या पायाशी आणून ठेवली, तरच डबा उघडायचा. "ही शिकार नव्हे," मी इब्राहिमभाईंना सांगत असे, "ही जप्ती आहे."

कुत्रा शिकला. हे मी अभिमानाने सांगतो, कारण या संपूर्ण प्रकरणात अभिमानाने सांगण्याजोगे एवढेच आहे. दिवा टोपीवर पडला रे पडला की तो सुटे. टोपी डावीकडे वळली की तोही डावीकडे वळे. आणि तिला तो असा अलगद उचली की जणू ती नवजात बालक आहे. रियाधहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिने काळजीच्या स्वरात विचारले, "बाबा, आर यू ओके? आई म्हणते तुम्ही रोज रात्री टोपी ओढत पळता." मी तिला योजनेची रूपरेषा सांगितली. ती म्हणाली, "ओके. आईला फोन द्या."

परीक्षेचा दिवस अबू नासिर यांनीच ठरवला. इशाच्या नमाजानंतर ते दोन पाहुण्यांसह आले. वाफ्यापासून थोड्या अंतरावर गालिचा अंथरला गेला, शेकोटी पेटली, कॉफीचा उंच दल्ला आणि खजुराचे ताट मांडले गेले. दोघांपैकी एक पाहुणे त्यांचे बुरैद्याचे बंधू होते. ते येताना कुत्र्याचा पट्टा आणि साखळी घेऊनच आले होते आणि ती त्यांनी गालिच्यावर सर्वांना दिसेल अशी ठेवली होती. मालतीने ती साखळी पाहिली. ती आत जाऊन बिस्किटांचा डबा काठोकाठ भरून आली.

मी बाहेर पडणार इतक्यात तिने मला दारात अडवले आणि नवी कानटोपी माझ्या डोक्यावर चढवली.

"आत्ता नको. सगळे पाहुणे बसले आहेत. बावळट दिसेन."

"वारं बघा कसलं सुटलंय. कान दुखायला लागले की रात्रभर कोण कण्हतं?"

"निदान काळी तरी विणायची होतीस."

"जुनीचीच लोकर उरली होती. वाया घालवू?"

हा संवाद मी शब्दशः दिला आहे, कारण पुढील घटनांची जबाबदारी निश्चित करताना तो महत्त्वाचा आहे. पुरावा माझ्या डोक्यावर होता, डोक्याला माक्याचे तेल लावलेले होते, आणि अर्धे आयुष्य कागदपत्रांतील बारीक त्रुटी शोधण्यात घालवलेला मी गोठलेले कान चोळत, तो तसाच घेऊन शेतात गेलो.

मी वाफ्याजवळ बर्कला धरून उभा राहिलो. इब्राहिमभाई अबू नासिर यांच्या पिकअपच्या हौद्यात चढले. झोत शेतावरून सावकाश फिरू लागला आणि एका जागी थबकला. दोन डोळे चमकले. रानससा होता, अस्सल. तो खरोखरच फोटो काढायला बसल्यासारखा बसला होता.

"यल्ला," अबू नासिर हळूच म्हणाले.

मी बर्कला सोडले. तो झोतातून बाणासारखा गेला, सशापाशी पोचला, थांबला, आणि त्याला हुंगले. सशानेही त्याला हुंगले. मग बर्कने मागे वळून आमच्याकडे पाहिले. त्याच्या मुद्रेवर स्पष्ट लिहिले होते की येथे कोणीतरी बसलेले आहे, पण टोपी कुठे आहे?

गालिच्यावर बुरैद्याच्या बंधूंनी साखळी उचलली.

"छू! ओ बर्क, छू!" इब्राहिमभाई हौद्यातून ओरडले. त्या आवाजाने ससा मात्र उडाला आणि सर्व शेत मोकळे असताना थेट माठाच्या वाफ्याकडे, म्हणजे माझ्याच रोखाने सुटला. बॅटरी प्रामाणिकपणे त्याच्या मागे आली. ससा माझ्या दोन पायांमधून निघून गेला. बॅटरी निघून गेली नाही. ती माझ्यावर थांबली.

डोळे दिपतात म्हणजे काय होते, हे मला त्या क्षणी समजले. हलता येत नाही. समोर काहीही दिसत नाही. फक्त अंधारातून चार पायांचा, झपाट्याने जवळ येणारा आवाज ऐकू येतो, आणि आपल्या डोक्यावर काय आहे हे अतिशय उशिरा आठवते.

"इब्राहिमभाई, दिवा बंद करा!"

"कुठलं बटण ते सापडेना! तुमी पळा!"

मी पळालो. कायद्याच्या दृष्टीने ही माझी घोडचूक होती, कारण उभा राहिलो असतो तर मी टोपी घातलेला भाडेकरू होतो. पळू लागताच मी ससा झालो. मी डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. महिनाभर ज्या बांधावर मी त्या टोपीला वळणे शिकवली होती, त्याच बांधावर तीच वळणे घेत मी धावलो, आणि इब्राहिमभाईंनी एकदाही झोत सुटू दिला नाही. (त्यांच्या या कौशल्याबद्दल मी त्यांना स्वतंत्र पत्र लिहिले आहे.) पाटावरून उडी मारण्याचा विचार मी केला. विचार पाटापलीकडे गेला, मी पाटात. तेथून वर आलो तो सरळ माठाच्या वाफ्यात आडवा झालो आणि सशांना सबंध हंगामात जे जमले नव्हते ते एका लोळणीत पुरे केले.

मग पाठीवर दोन पाय आले. मानेवर गरम श्वास आला. आणि माझी कानटोपी, केसालाही धक्का न लावता, अलगद डोक्यावरून उचलली गेली.

मान वर केली तेव्हा बर्क ती टोपी घेऊन, शेपूट उंच करून, पाहुण्यांच्या समोरून ऐटीत चालला होता. त्याने ती मालतीच्या पायाशी ठेवली. मालतीने डबा उघडला. माझ्या लक्षात आले की ती माझ्याकडे पाहत नाही आहे, साखळीकडे पाहते आहे.

अबू नासिर उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी मला हात देऊन उभे केले. माझ्या अंगावर चिखल आणि माठ दोन्ही होते. त्यांनी माझे डोके उजेडात फिरवून फिरवून नीट पाहिले.

"एक ज़ख्म नहीं," ते बंधूंकडे वळून म्हणाले आणि मग बराच वेळ अरबीत बोलत राहिले. बंधूंचे तोंड हळूहळू उघडत गेले. शेवटी अबू नासिर यांनी माझ्यासाठी हिंदीत सारांश काढला. "मैं भाई को बोला, देख, ये मुहामी कितना कानून वाला आदमी है. शिकार का परमिट नहीं, तो खरगोश को हाथ नहीं लगाया. कुत्ते को भी सिखाया, खरगोश को छोड़ दे. और मुझे कुत्ते का काम दिखाना था, तो खुद खरगोश बन गया." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऐसा है न?"

असे नव्हते. एका शब्दानेही असे नव्हते. मी आयुष्यभर लोकांच्या निवेदनांतील खोटेपणा लाल शाईने अधोरेखित करत आलो आहे, आणि इतके निखालस असत्य कथन माझ्या टेबलावर कधी आले नव्हते. माझ्या मनात त्याचे मुद्देसूद खंडन तयार होते. मी तोंड उघडले. समोर मालती एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात बर्कची मान धरून उभी होती.

"जी," मी म्हणालो. "असेच आहे. म्हणजे, ऐसा ही है."

बंधूंनी साखळी खिशात घातली. उठून त्यांनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले, चिखलासकट, आणि म्हणाले की बुरैद्यात असा माणूस नाही. इब्राहिमभाई हौद्यातून खाली उतरले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आमच्या गावाला पण असं कधी झालं नाय." ही कबुली त्यांच्याकडून मिळवणारा मी पहिलाच आहे.

बर्क आमच्याकडे राहिला. सोफाही त्याच्याकडे राहिला. माठ नव्याने पेरला आहे. ससे रोज येतात, शेंडे खुडतात, आणि बर्क पायरीवर बसून त्यांच्याकडे ओळखीच्या नजरेने पाहतो.

परंतु अबू नासिर यांनी ती हकीकत नातेवाइकांत सांगितली आहे. थंडी पडल्यापासून कोणी ना कोणी पाहुणे येतात, गालिचा पडतो, कॉफी येते, आणि सर्वजण माझ्याकडे आशेने पाहू लागतात. त्यांच्या निवेदनाला मीच होकार दिलेला असल्यामुळे आता मागे फिरणे शक्य नाही. शेवटी मी अबू नासिर यांना सविस्तर पत्र लिहिले. रानसशांच्या शिकारीसाठी परवाना लागतो, ठरावीक हंगाम असतो आणि उरलेल्या काळात त्यांना संपूर्ण संरक्षण असते. माझ्या बाबतीत यांपैकी कसलीही तरतूद आढळून येत नाही. सबब वर्षातील काही काळ तरी मला बंदीचा हंगाम जाहीर करण्यात यावा, अशी विनंती केली.

उत्तरादाखल अंगठा आला. या वेळी त्याच्या शेजारी एक छोटा ससाही होता, आणि खाली एक ओळ.

"कुणाचा मेसेज?" मालतीने स्वयंपाकघरातून विचारले.

"अबू नासिर. रियाधहून पाहुणे निघाले आहेत."

मी काही वेळ त्या सशाकडे पाहत राहिलो. मग उठलो, चष्मा काढून कपाटात ठेवला, आणि नवी टोपी कुठे आहे, असे तिला विचारले.